रिव्हॉल्व्हरचा कालनिर्णय : शिरूर-दौंड परिसरातील जुन्या शस्त्रांच्या संदर्भात

दख्खनमधील जुन्या घराण्यांत खंडेनवमीस शस्त्रे बाहेर काढून त्यांची पूजा करण्याचा प्रघात आहे. तलवार, कट्यार, भाल्याचे पाते यांच्या शेजारी क्वचित् एखादे आखूड नळीचे, फिरत्या चक्राचे शस्त्रही पाटावर मांडलेले असते. तलवारीचे वय सांगणे अवघड असते. कारण तिचे घाट शतकानुशतके फारसे बदललेले नाहीत. फिरत्या चक्राच्या पिस्तुलाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या रचनेत दर दहा-पंधरा वर्षांनी फरक पडत गेला, त्यातील बहुतेक फरकांची नोंद पेटंटांत, कारखान्यांच्या वह्यांत व सरकारी आज्ञांत झाली, आणि त्याच्या अंगावर कायद्याने अथवा व्यापाराच्या सोयीने निरनिराळे ठसे उमटविले गेले. जुन्या वस्तूंपैकी इतका बोलका पुरावा अंगावर बाळगणारी वस्तू नाण्याखेरीज दुसरी क्वचितच सापडेल. असे असूनही या वस्तूंचा काळ घरोघरी केवळ परंपरेवरून सांगितला जातो, आणि स्थानिक इतिहासाच्या लेखनात तो तसाच उतरतो.

शिरूर व दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील दोन तालुके या दृष्टीने विशेष विचारार्ह आहेत. घोडनदीकाठचे शिरूर ही इंग्रजांची जुनी छावणी. कोरेगाव भीमा हे रणक्षेत्र शिरूर तालुक्यात. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांच्या टोळीने छापा घातलेले धामारी हे गावही याच तालुक्यात. दौंड हे १८७८ पासून रेल्वेचे जंक्शन. अशा टापूत एखादे जुने रिव्हॉल्व्हर आढळले, तर त्याचा संबंध कोरेगावच्या लढाईशी, सत्तावनच्या धामधुमीशी अथवा फडक्यांच्या बंडाशी जोडण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. हा मोह कोठे ग्राह्य व कोठे अग्राह्य, हे ठरविण्याची साधने कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. शस्त्राचा काळ चुकला की इतिहासाचा अर्थही चुकतो, हे त्यातून दिसून येईल.

१. कालनिर्णयाचे तत्त्व

हस्तलिखिताचा काळ ठरविताना अभ्यासक त्यातील जुन्यात जुन्या शब्दाकडे पाहत नाही, नव्यात नव्या शब्दाकडे पाहतो. एखाद्या बखरीची भाषा कितीही जुन्या वळणाची असली, तरी तीत रेल्वेबरोबर आलेला एखादा शब्द लेखकाच्या हातून आलेला सापडला, तर ती बखर रेल्वेपूर्वीची ठरत नाही. जुने रूप नव्या काळात वापरता येते, पण नवे रूप जुन्या काळात येऊ शकत नाही. हेच तत्त्व शस्त्रास जसेच्या तसे लागू पडते. रिव्हॉल्व्हरचा घाट जुना, मुठीवरील नक्षी जुनी, परंतु त्यावरील एक लहानसा ठसा १८९३ नंतरचा असेल, तर ते शस्त्र १८९३ नंतरचेच मानावे लागते. अर्थात् तो ठसा अथवा भाग मागाहून बसविलेला नाही, याची खात्री आधी करून घ्यावी लागते.

दुसरे असे की एका शस्त्राला एकच तारीख नसते. रचनेचे पेटंट घेतल्याची तारीख एक, प्रत्यक्ष घडणीची दुसरी, विक्रीची अथवा सरकारी खात्यात दाखल झाल्याची तिसरी, आणि ते ज्या घरी आज आहे तेथे येण्याची चौथी. या चार तारखांत कधीकधी पन्नास वर्षांचेही अंतर असू शकते. शस्त्रावर कोरलेले साल बहुधा यांपैकी कोणत्या तरी एकाचेच असते, आणि ते कोणाचे हे ओळखणे हाच कालनिर्णयातील निम्मा भाग होय.

२. शब्दांची साक्ष

दफ्तरांतील उल्लेखांवरून शस्त्रांचा इतिहास जुळविताना पहिली अडचण शब्दांची येते. बंदूक हा शब्द अरबी-फारसीतून, तमंचा तुर्की-फारसीतून, पिस्तूल व काडतूस पोर्तुगीजांकडून, कडाबीन युरोपीय ‘कॅराबिन’वरून आणि रिव्हॉल्व्हर इंग्रजीतून मराठीत आला. हे शब्द ज्या क्रमाने आले त्या क्रमाने जुने झाले नाहीत. नवी वस्तू आली की मराठीने पुष्कळदा जुनाच शब्द तिच्यावर बसविला. परिणामी ‘पिस्तूल’ या एका शब्दात गारेचे एकबारी पिस्तूल, टोपीचे दुबारी पिस्तूल, सहाबारी रिव्हॉल्व्हर आणि विसाव्या शतकातील आपोआप भरणारे पिस्तूल अशी चार निरनिराळी यंत्रे सामावली आहेत. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकास अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर चालविलेले शस्त्र ब्राउनिंग जातीचे होते. त्यात गोळ्यांचे फिरते चक्र नसते. गोळ्या मुठीतील पेटीत असतात. तरीही अशा शस्त्राला सर्रास रिव्हॉल्व्हर म्हटले जाते. जुन्या कागदात ‘पिस्तूल’ आढळले म्हणून रिव्हॉल्व्हर सिद्ध होत नाही, व ‘रिव्हॉल्व्हर’ आढळले म्हणून फिरते चक्र सिद्ध होत नाही.

‘काडतूस’ हा शब्द तर अधिकच फसवा आहे. आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे त्याने पितळी नळकांडे उभे राहते. परंतु १८५७ साली ज्या काडतुसांवरून गदारोळ उठला ती कागदाची होती. दारू व गोळी एका कागदी पुडीत बांधलेली असे, आणि ती पुडी फोडून दारू नळीत ओतावी लागे. तेव्हा एखाद्या जुन्या यादीत पिस्तुलाबरोबर काडतुसे नोंदली असली, तर तेवढ्यावरून ते शस्त्र मागून भरण्याचे होते असे अनुमान काढता येत नाही.

उलट, बोलभाषेतील काही जुनी विशेषणे कालनिर्णयास मोठी उपकारक आहेत. तोड्याची बंदूक, चकमकीची बंदूक, टोपीची बंदूक, ठासणीची बंदूक या नावांत दारूला अग्नी कसा पोहोचतो, अथवा नळी कोणत्या बाजूने भरतात, याची खूण आहे. तोडा म्हणजे जळती दोरी. चकमक म्हणजे गार व पोलाद यांचे घर्षण. टोपी म्हणजे आघाताने पेट घेणारे द्रव्य भरलेली तांब्याची लहानशी वाटी. ठासणी म्हणजे पुढून दारू-गोळी ठासण्याची क्रिया. घरातील वृद्ध माणसाने ‘आमच्याकडील टोपीचे पिस्तूल’ असे म्हटले, तर त्या एका शब्दात युरोपीय तज्ज्ञांच्या वर्गीकरणातील एक संपूर्ण वर्ग आलेला असतो. म्हणून वस्तूची पाहणी करताना मालकाच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे टिपून घेणे अवश्य आहे. त्यांची ‘शुद्ध’ भाषेत सुधारणा केली की पुरावा नाहीसा होतो.

३. यंत्राची साक्ष

फिरत्या चक्राची कल्पना जुनी आहे. तोड्याच्या व चकमकीच्या काळातही फिरत्या कोठड्यांची शस्त्रे घडविली गेली. परंतु ती कुतूहलाच्या वस्तू म्हणून राहिली. एलिशा कोलियर या अमेरिकन कारागिराने चकमकीच्या चालीचे फिरत्या चक्राचे शस्त्र सुधारले, त्याचे इंग्लंडमधील पेटंट २४ नोव्हेंबर १८१८ चे आहे. अशी शस्त्रे लंडनमध्ये थोड्या संख्येने तयार झाली, व त्यांपैकी काही हिंदुस्थानातही वापरली गेली. कोरेगावची लढाई व हे पेटंट एकाच वर्षातील खरी, परंतु लढाई वर्षाच्या पहिल्या दिवशी झाली आणि पेटंट अकराव्या महिन्यात निघाले. हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कारण ‘१८१८’ एवढाच आकडा जुळल्याने समाधान मानणारा अभ्यासक येथे सहज फसू शकतो.

आघाताने पेटणाऱ्या द्रव्याचा बंदुकीसाठी उपयोग अलेक्झांडर फोर्सिथ याने १८०७ साली पेटंट करून घेतला. तांब्याची टोपी त्यानंतर रूढ झाली. टोपीमुळे प्रत्येक कोठडीस स्वतंत्र अग्नी पोहोचविणे सुलभ झाले, आणि तेव्हाच रिव्हॉल्व्हर हे खऱ्या अर्थाने व्यवहार्य शस्त्र बनले. सॅम्युएल कोल्ट याने १८३५ साली इंग्लंडात व २५ फेब्रुवारी १८३६ रोजी अमेरिकेत पेटंट घेतले. घोडा मागे ओढताच चक्र आपोआप एक घर पुढे सरकावे, ही त्याची योजना. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात कोल्टची शस्त्रे व रॉबर्ट अॅडम्सची शस्त्रे समोरासमोर मांडली गेली. हिंदुस्थानातील इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला रिव्हॉल्व्हर दिसू लागले ते या प्रदर्शनानंतरच्या काही वर्षांत.

पाहणी करताना यंत्राचे चार भाग क्रमाने पाहावेत. पहिला भाग अग्नी देण्याच्या योजनेचा. चक्राच्या मागील बाजूस टोपी बसविण्याची लहान बोंडे असतील, तर शस्त्र टोपीच्या वर्गातील, म्हणजे सामान्यतः १८३६ ते १८७० या काळातील. चक्राच्या कडेला बारीक खाचा असून त्यांतून काडतुसाची खिळी बाहेर येत असेल, तर ते लफोशे पद्धतीचे खिळीच्या काडतुसाचे. युजीन लफोशेचे असे रिव्हॉल्व्हर १८५४ चे, व बेल्जममध्ये त्याच्या नकला पुढे बराच काळ निघत राहिल्या. घोड्याचा आघात काडतुसाच्या कडेवर अथवा मध्यावर होत असेल, तर ते आणखी अलीकडचे. आरपार भोकांच्या चक्राचे रॉलिन व्हाइट याचे पेटंट १८५५ चे, त्यावर आधारलेले स्मिथ अँड वेसनचे पहिले रिव्हॉल्व्हर १८५७ चे, आणि त्या पेटंटची मुदत १८६९ साली संपली. त्यानंतर अमेरिकेतही अशी शस्त्रे घडविण्यास इतर कारखानदारांना मोकळीक मिळाली.

दुसरा भाग सांगाड्याचा. कोल्टच्या आरंभीच्या शस्त्रांत चक्राच्या वरून जाणारी पट्टी नसते; नळी व मूठ चक्राच्या आसाने व खिळीने जोडलेली असतात. अॅडम्सच्या शस्त्रात नळी व चौकट एकाच लोखंडाची घडलेली असते. मधोमध बिजागरी असून शस्त्र मोडून रिकामी काडतुसे एकदम बाहेर पडावीत, अशी रचना सरकारी एन्फील्डमध्ये १८८० पासून व सरकारी वेब्लीमध्ये १८८७ पासून आढळते, जरी एन्फील्डची काडतुसे काढण्याची तऱ्हा जराशी निराळी होती. चक्र बाजूला बाहेर झुलणारी रचना कोल्टने १८८९ पासून रूढ केली.

तिसरा भाग चापाचा. आरंभीच्या कोल्टमध्ये दर बाराला घोडा अंगठ्याने ओढावा लागतो. १८५१ च्या अॅडम्समध्ये नुसता चाप ओढला की घोडा उठतो व पडतो. त्याच्या घोड्याला अंगठा टेकण्याची शेपटी नाही. लेफ्टनंट बोमंट याने दोन्ही क्रिया एकत्र केल्या, व बोमंट-अॅडम्स हे शस्त्र १८५६ साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारले. बर्मिंगहॅमच्या विल्यम ट्रँटर याच्या एका प्रसिद्ध नमुन्यात दोन चाप असतात. खालचा चाप कडीखालून बाहेर आलेला दिसतो. चौथा भाग कोठड्यांच्या संख्येचा. अॅडम्स, ट्रँटर व ‘बुलडॉग’ ही बहुधा पंचबारी, कोल्ट नेव्ही व सरकारी वेब्ली ही सहाबारी. एवढ्या चार गोष्टींवरूनही शस्त्राचा काळ दोन दशकांच्या आत आणता येतो, आणि त्यासाठी एकही अक्षर वाचावे लागत नाही.

४. ठशांची साक्ष

अक्षरे व ठसे यांचे वाचन हा एक प्रकारचा शिलालेखाभ्यासच होय. त्यात तीन प्रकार मुख्य आहेत : निर्मात्याचे अथवा विक्रेत्याचे नाव, परीक्षणगृहाचा ठसा, व सरकारी मालकीची खूण.

नळीवर इंग्रज व्यापाऱ्याचे नाव व लंडनचा अथवा कलकत्त्याचा पत्ता असेल, तर तो निर्माताच असेल असे नाही. पुष्कळदा तो केवळ विक्रेता असतो. परंतु पेढ्यांची नावे बदलत असल्यामुळे नाव हे उत्तम कालदर्शक ठरते. डीन, अॅडम्स अँड डीन ही पेढी १८५० च्या दशकातील. लंडन आर्मरी कंपनी १८५६ ची. आणि ‘वेब्ली अँड स्कॉट’ हे जोडनाव १८९७ पासूनचे. नुसते ‘पी. वेब्ली अँड सन’ असेल तर शस्त्र त्यापूर्वीचे समजावे.

परीक्षणगृहाचे ठसे कायद्याने आवश्यक असल्यामुळे अधिक विश्वसनीय आहेत. लंडनच्या ठशात मुकुटाखाली ‘जी. पी.’ व ‘व्ही.’ ही अक्षरे असतात. बर्मिंगहॅमचे परीक्षणगृह १८१३ साली कायद्याने स्थापन झाले. त्याच्या जुन्या ठशांत मुकुट व एकमेकांवर ठेवलेले दोन राजदंड दिसतात. ‘एन. पी.’ ही अक्षरे धूरविरहित दारूच्या परीक्षणाची, म्हणजे १९०४ च्या नियमांनंतरची. बेल्जममधील लीएज शहराचा ठसा लंबवर्तुळात ‘ई. एल. जी.’ व खाली तारा असा असून १८९३ साली त्यावर मुकुटाची भर पडली. हा लहानसा मुकुट पुढे उपयोगी पडणार आहे.

सरकारी मालकीची खूण म्हणजे बाणाचे टोक. हिंदुस्थानच्या खात्यातील शस्त्रांवर त्याजवळ ‘आय’ हे अक्षर आढळते. ईस्ट इंडिया कंपनीच्या शस्त्रांवर १८०८ च्या सुमारापासून मागील पायांवर उभा राहिलेला सिंह असे. मुकुटाखाली ‘व्ही. आर.’ असल्यास १९०१ पूर्वीचे, ‘ई. आर.’ असल्यास १९०१ ते १९१०, ‘जी. आर.’ असल्यास त्यानंतरचे. तथापि या खुणा नसणे हाही एक पुरावा आहे. ब्रिटिश अधिकाऱ्याला आपले पिस्तूल बहुधा पदरच्या पैशाने घ्यावे लागत असे. म्हणून चांगल्या घडणीचे, विक्रेत्याचे नाव असलेले, पण सरकारी खूण नसलेले शस्त्र अधिकाऱ्याच्या खाजगी मालकीचे असण्याचा संभव अधिक.

कोरलेली तारीख कशी चकविते याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. कोल्टच्या १८५१ च्या ‘नेव्ही’ नमुन्याच्या चक्रावर एका आरमारी लढाईचे चित्र व ‘१६ मे १८४३’ ही तारीख कोरलेली असते. ही तारीख चित्रातील लढाईची आहे. शस्त्राच्या घडणीशी तिचा काहीही संबंध नाही. त्याच शस्त्राच्या नळीवर लंडनचा पत्ता असेल, तर ते कोल्टच्या लंडनमधील कारखान्याचे, आणि तो कारखाना १८५३ ते १८५६ एवढाच काळ चालू होता. म्हणजे ज्या शस्त्रावर १८४३ हे साल स्पष्ट वाचता येते, त्याचा खरा काळ त्यानंतर किमान दहा वर्षांचा ठरतो.

दुसरे उदाहरण आखूड नळीच्या पंचबारी रिव्हॉल्व्हरचे. त्यावर ‘ब्रिटिश बुलडॉग’ अशी अक्षरे असतात. या नावाचे मूळ शस्त्र वेब्लीने १८७२ च्या सुमारास काढले. परंतु त्याच नावाने बेल्जममध्ये असंख्य नकला झाल्या. नाव ब्रिटिश, भाषा इंग्रजी, आणि परीक्षणाचा ठसा मात्र लीएजचा, असा प्रकार तेथे नित्य आढळतो. अशा शस्त्राविषयी ‘हे फडक्यांच्या बंडातील’ अशी परंपरा सांगितली गेली, तर नमुन्याच्या काळावरून ती अशक्य म्हणता येणार नाही. परंतु लंबवर्तुळावर मुकुट असेल, तर शस्त्र १८९३ नंतरचे. आणि फडके तर १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात निधन पावले होते. एका तांदळाएवढ्या ठशाने येथे निर्णय होतो.

नकलांच्या बाबतीत अक्षरांचे वळणही पाहावे. वायव्य सरहद्दीवरील कारागिरांनी हाताने घडविलेल्या प्रतिकृतींत इंग्रजी अक्षरे उलटी पडलेली, स्पेलिंग चुकलेले, मुकुटाचा आकार बिघडलेला दिसतो. ज्याला लिपी येत नाही तो अक्षर लिहीत नाही, अक्षराचे चित्र काढतो. हस्तलिखितांच्या नकला तपासणाऱ्यास हा दोष परिचित आहे.

५. शिरूर : छावणी व परंपरा

या कसोट्या घेऊन शिरूरकडे पाहिले असता काय दिसते? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून येथे इंग्रजी फौजेचा तळ होता. जून १८१७ च्या पुण्याच्या तहानंतर उभारलेल्या घोडदळाचे, म्हणजे पुढे ‘पूना हॉर्स’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या पथकाचे, मूळ याच ठिकाणी आहे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन शिरूरहून निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर मुंबई पायदळाच्या पलटणीचे सुमारे पाचशे शिपाई, याच घोडदळाचे अडीचशे-तीनशे स्वार व मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा होत्या. त्या पलटणीत महार शिपायांची संख्या मोठी होती, आणि नदीपलीकडे पेरणे हद्दीतील स्तंभावर पडलेल्यांची नावे कोरलेली आहेत. दुसऱ्या दिवशी भीमेच्या काठी जो संग्राम झाला, त्यात कंपनीच्या शिपायांच्या हाती पुढून भरण्याच्या, चकमकीच्या चालीच्या संगिनी बंदुका होत्या. ठासणे, रंजक घालणे, चाप ओढणे, पुन्हा ठासणे : दिवसभर चाललेल्या त्या झुंजीत प्रत्येक बारामागे ही सर्व क्रिया होती. तेथे फिरत्या चक्राचे शस्त्र कल्पनेने आणून ठेवणे म्हणजे त्या शिपायांचे कष्ट आपल्या अज्ञानाने हलके करणे होय.

परंपरा मग खोटी का? तसे म्हणण्याचे कारण नाही. १८०९ साली शिरूर येथे मृत्यू पावलेल्या कर्नल वॉलेसच्या थडग्यास परिसरातील लोक ‘सत्पुरुष’ मानून पुजीत असत, अशी नोंद १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आहे. लोकस्मृतीने तेथे एका परकीय सेनाधिकाऱ्याचे सन जपले नाही, त्याच्याविषयीचा आदर जपला. शस्त्राविषयीच्या परंपरेचेही तसेच आहे. घरातील रिव्हॉल्व्हर ‘कोरेगावचे’ असे सांगितले जाते, तेव्हा त्यातून त्या घराचा छावणीशी, पलटणीशी अथवा सैनिकी पेशाशी संबंध सूचित होतो; काळ मात्र त्या परंपरेत सर्वांत प्रसिद्ध अशा प्रसंगाकडे ओढला जातो. संशोधकाने परंपरेतील संबंध घ्यावा व काळ तपासावा.

रिव्हॉल्व्हर शिरूरच्या छावणीत येण्याचा संभव १८५० नंतरच्या दशकात उत्पन्न होतो. शिरूरास उभारलेले घोडदळ १८५७ साली इराणच्या मोहिमेत होते, आणि कोल्ट, अॅडम्स व ट्रँटर यांची शस्त्रे त्याच सुमारास अधिकारीवर्गात पसरत होती. पथकाची रचना मात्र शिलेदारी होती. स्वार आपला घोडा व साज स्वतःचा आणी. ‘शिलेदार’ या फारसी शब्दाचा मूळ अर्थच शस्त्र धारण करणारा असा आहे. तरीही महागडे विलायती रिव्हॉल्व्हर ही त्या शिलेदाराची वस्तू नव्हती. ती त्याच्यावरील गोऱ्या अधिकाऱ्याची होती. शब्द मराठी सैनिकाकडे राहिला व शस्त्र दुसऱ्याकडे गेले, हा त्या काळातील बदल एका नामाच्या इतिहासातही दिसतो.

६. दौंड : रेल्वे व परवाना

दौंडचा संदर्भ निराळा आहे. १८५८ च्या अखेरीस पुण्यापासून डिकसळपर्यंत लोहमार्ग सुरू झाला तो दौंडवरून. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग खुला झाला व दौंड हे जंक्शन बनले. रेल्वेबरोबर युरोपीय व अँग्लो-इंडियन नोकरवर्गाची वसाहत आली. त्याच १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत शस्त्रांचा कायदा झाला. या कायद्याने एतद्देशीय प्रजेला शस्त्र बाळगण्यास परवाना लागू लागला. युरोपीय व अँग्लो-इंडियन यांस मात्र नियमांनी सूट दिली. म्हणजे ज्या वर्षी दूरदूरचा माल दौंडास सहज उतरू लागला, त्याच वर्षी रिव्हॉल्व्हर कोणी बाळगावे व कोणी बाळगू नये हे वर्णावरून ठरले.

या कायद्यामागे व त्याच्या परिणामांत पुणे जिल्ह्याच्या या भागाचा अनुभव ध्यानात घेण्याजोगा आहे. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा झाला. सुपे तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात होते, आणि आजच्या दौंड व बारामती तालुक्यांचा बराच भाग त्या तालुक्यात मोडत असे. हे लोण शिरूरकडेही पसरले. परंतु दंगेखोर कुणब्यांचा रोख माणसांवर नव्हता, खतांवर होता. कर्जरोखे हिसकावून जाळणे हा त्यांचा उद्देश होता, व प्राणावर बेतणारे प्रकार त्या मानाने फार थोडे घडले. त्यानंतर १८७६-७७ चा दुष्काळ आला. फेब्रुवारी १८७९ मध्ये, शस्त्रांचा कायदा संमत झाल्यास वर्षही पुरे झाले नसता, फडक्यांच्या टोळीने धामारीवर छापा घातला. फडके स्वतः पुण्यातील लष्करी हिशेब खात्यात कारकून होते. सरकारच्या शस्त्रास्त्रांचा जमाखर्च ज्या व्यवस्थेत लिहिला जाई तिच्या शेजारीच त्यांची नोकरी गेली, आणि बंडासाठी शस्त्रे गोळा करण्याची वेळ आली तेव्हा कायद्याने खेडी निःशस्त्र करण्यास आरंभ केलेला होता.

या पार्श्वभूमीवर १८७८ ते १९१४ या काळातील एखादे रिव्हॉल्व्हर शिरूर-दौंड परिसरात सापडले, तर ‘हे कोणत्या लढाईत वापरले?’ हा प्रश्न दुय्यम ठरतो. पहिला प्रश्न ‘हे कोणाला बाळगता येत होते?’ हा आहे. पोलीस, लष्कर, रेल्वे, परवानाधारक इनामदार-सावकार व सूट मिळालेला गोरा वर्ग, एवढीच त्याची उत्तरे संभवतात. अथवा ते शस्त्र कायदा चुकवून आलेले असावे. यांपैकी कोणतेही उत्तर खरे असले, तरी त्यातून समाजातील सत्तेची वाटणी दिसते. तेच शस्त्र १८१८ कडे ढकलले की हा सर्व पुरावा वाया जातो, आणि एका प्रसिद्ध लढाईच्या यादीत एका बनावट वस्तूची भर तेवढी पडते.

पहिल्या महायुद्धानंतरची शस्त्रे ओळखणे तुलनेने सोपे आहे. वेब्ली मार्क सहा हे सहा इंची नळीचे, चौकोनी मुठीचे सरकारी रिव्हॉल्व्हर मे १९१५ पासूनचे; त्याच्या चौकटीवर बहुधा घडणीचे साल ठोकलेले असते. हे शस्त्र दिसण्यात जड व ‘जुने’ वाटते, म्हणून त्यास सत्तावनच्या काळात नेण्याची चूक होते. त्याचे ०.४५५ इंची काडतूस व बिजागरीची रचना पाहिली की ती दूर होते.

७. नोंदणी, कायदा व जतन

अशा वस्तूची पाहणी परवानाधारक बंदूक-कारागिराने ती रिकामी असल्याची खात्री केल्याखेरीज कोणीही करू नये. टोपीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची दारू व गोळी तशीच राहिलेली असू शकते. त्यानंतर नळीची लांबी, आतील आटे, कोठड्यांची संख्या, चापाची क्रिया, सर्व ठसे व क्रमांक यांची नोंद व छायाचित्रे घ्यावीत. क्रमांक एकाच ठिकाणी नसतो. चौकट, चक्र व नळी यांवरील क्रमांक जुळत नसतील, तर शस्त्र निरनिराळ्या भागांचे जोडलेले असण्याचा संभव असतो. राख, चिंच अथवा काचकागद लावून शस्त्र घासणे ही त्याची सर्वांत मोठी हानी होय. पूजेच्या निमित्ताने वर्षानुवर्षे चकचकीत केलेल्या नळीवरील ठसे प्रथम पुसट होतात व मग नाहीसे होतात. श्रद्धेने जपलेली वस्तू अशा रीतीने मुकी होते.

कालनिर्णयाला कायद्याचेही अंग आहे. १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्यात शंभर वर्षांची मर्यादा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पंचेचाळिसाव्या कलमात कालबाह्य नमुन्याच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या अथवा नादुरुस्त शस्त्रास सूट आहे. परंतु दुरुस्ती करून अथवा न करता ते बंदूक म्हणून चालविता येण्याजोगे नसावे, अशी अट तिला जोडलेली आहे. अर्थात् केवळ शंभर वर्षे झाली म्हणून शस्त्र परवान्याच्या कक्षेबाहेर जात नाही. चालू स्थितीतील १९१५ चे वेब्ली व गंजून जाम झालेले १८५५ चे कोल्ट यांची कायद्यातील स्थिती एक नाही. या भेदाचे अज्ञान व त्यातून येणारी भीती यांमुळे अशी वस्तू विहिरीत अथवा भट्टीत गेली, तर तिच्याबरोबर तिच्यावरील लेखही जातो. योग्य मार्ग म्हणजे स्थानिक पोलीस ठाण्यास कळवून, तज्ज्ञाकडून काळ व स्थिती लिहून घेऊन, शक्य तर वस्तुसंग्रहालयाच्या स्वाधीन करणे.

उपरिनिर्दिष्ट विवेचनावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. शिरूर-दौंड परिसरातील कोणतेही सामान्य रिव्हॉल्व्हर पेशवाईचे साक्षीदार असू शकत नाही. त्याचा काळ १८५० च्या दशकापासून पुढचा. आणि त्या काळातील साक्षीदार म्हणून त्याचे मोल कमी नाही. छावणी, लोहमार्ग, परवाना व निःशस्त्रीकरण यांचा इतिहास बखरीत सापडत नाही, आणि सरकारी कागदांत तो एका बाजूने लिहिलेला आहे. त्याची दुसरी बाजू शोधण्यासाठी घरोघरच्या पाटावरील या वस्तू वाचल्या पाहिजेत. आणि घासूनपुसून नाहीशी होण्यापूर्वी त्यांवरील अक्षरे टिपून घेतली पाहिजेत.